उत्पत्तिस्थान : बाजार

या महिन्याच्या टपालात मोथ्याचीच पत्रे जास्त आहेत. तक्रार एकच : षडंगपानीयाला वास येत नाही. एका वैद्यांनी आपल्या पोत्यातला मूठभर मालच पाठवला. केस जाळून काळे केलेले तुकडे; फोडले तर आत गंध जवळजवळ नाही. हा कंद कोणत्या सायपरसचा, हे त्यावरून कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

त्यातच एका खरेदी कार्यालयाच्या अर्जाचा नवा नमुना हाती आला. त्यात 'मोथा/नागरमोथा' असा एकच रकाना! फार्माकोपियातली मुस्ता म्हणजे सायपरस रोटंडस, तर नागरमोथा म्हणून सायपरस स्कॅरिओसस खपतो. पैसे मात्र एकाच ओळीत. खाली 'उत्पत्तिस्थान'. आमच्या माहितीतल्या एका संकलकाने तिथे 'ओढ्याची कड' लिहिले, अर्ज परत आला. दुसऱ्याने 'स्थानिक बाजार' लिहिले, मंजूर झाला. बाजारात मोथा विकतात, तो तिथे उगवत नाही. एवढेही न वाचता शिक्का मारणाऱ्यांची चीड येते. भावमिश्राने अनूप देशातला मोथा प्रशस्त म्हटला तो उगाच नव्हे. आज तणनाशक मारलेल्या उसातला लव्हाळाही त्याच पोत्यात येऊ शकतो, कारण तो उपटून नेणाऱ्याला शेतकरी अडवत नाही.

पण आपल्यापैकी किती जणांनी मोथा स्वतः खणला आहे? चरकाने सांग्राहिक-दीपन-पाचनात ज्याला अग्र्य मानले, ते झाड आपण दुकानातल्या चिठ्ठीवरून ओळखतो, ही लाज आहे. आश्विनात तळ्याच्या काठी जा. तिधारी दांडा, वर तांबूस-जांभळ्या कणसांचा तुरा. उपटू नका, माळ तुटते; कुदळीने ढेकूळ उचला, पाण्यात हलकेच धुवा. तारेसारख्या दोऱ्यावर एकामागे एक कंद ओवलेले दिसले आणि फोडल्यावर सुगंध आला, तर रोटंडस. तुरा पिवळसर, दोऱ्याच्या टोकाला एकेकटा कंद, चव गोडसर आणि वास नाही, तर तो एस्क्युलेंटस. तो औषधात घालू नका.

संकलक बंधूंनो, केस जाळण्याआधी प्रत्येक खेपेतले एक अखंड झाड, तुऱ्यासकट, वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवा. त्यावर गाव, तारीख आणि ओढा, तळे की शेताचा बांध, एवढे लिहा. वैद्यांनी ती घडी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. 'ओढ्याची कड' म्हणून परत आलेले अर्ज आमच्याकडे पाठवा. ते एकत्र घेऊन आम्ही त्या कार्यालयात जाणार आहोत.