दुप्पट म्हणजे किती ?

पेढीवरील मुनिमानें "यंदा नफा दुप्पट झाला" असें सांगितलें म्हणून कोणताही शहाणा व्यापारी लगेच पेढे वाटावयास निघत नाहीं. गेल्या वर्षीं नफा होता किती, हें तो प्रथम विचारतो. कारण शंभराचे दोनशें झाले तरी तें दुप्पटच, आणि लाखाचे दोन लाख झाले तरी तेंही दुप्पटच. परंतु हाच गृहस्थ जेव्हां वर्तमानपत्रांत अमुक पदार्थानें अमुक रोगाचा धोका दुप्पट होतो असें वाचतो, तेव्हां मात्र कांहीं एक न विचारतां तो पदार्थ घरांतून हद्दपार करितो. पेढीवर जागी असणारी त्याची बुद्धि वर्तमानपत्रापुढें कां निजते ? आमच्या मतें हा दोष वाचकाचा थोडा व वर्तमानपत्रांचा फार आहे, आणि त्याचा स्पष्ट विचार करणें अवश्य आहे.

संभाव्यतेचें गणित हें विद्यापीठांतील पंडितांच्या करमणुकीसाठीं जन्मास आलें असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाहीं. या शास्त्राचा पाया घालणारा याकोब बर्नुली याचा 'आर्स कोंजेक्तांदी' हा लॅटिन ग्रंथ, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनीं, १७१३ सालीं बाझल येथें प्रसिद्ध झाला. द्यूतांत सांपडलेले नियम नागरिक, नैतिक व आर्थिक व्यवहारांस कसे लावावे, हाच त्याच्या चौथ्या भागाचा विषय. आणि तो पुरा होण्यापूर्वींच ग्रंथकार निवर्तला. पुढें १८१४ सालीं लाप्लास या फ्रेंच गणितज्ञानें गणिती नसलेल्या वाचकांसाठीं याच विषयावर एक निबंध लिहिला. साक्षीदारांची साक्ष, न्यायसभांचे निर्णय, मृत्युसंख्येचीं कोष्टकें हे त्यांतील विषय. सोडतीचा जो आंकडा पुष्कळ दिवस निघालेला नाहीं त्यावरच लोक पैसे लावतात, हा भ्रमही त्यानें उघडा केला. आपल्या मुंबईंत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर आंकडे लावण्यापासून मटक्याचा जो धंदा वाढला, त्यांत जुन्या आंकड्यांचे तक्ते पाहून उद्यांचा आंकडा शोधणारे थोडे झाले नाहींत. आज निघणाऱ्या चिठ्ठीस काल काय निघालें याची कांहींच खबर नसते, एवढी साधी गोष्ट त्यांस कोणीं सांगितली असती तर कित्येकांचे संसार वांचले असते. ग्रंथ होते, ते चव्हाट्यावर आणणारे नव्हते. हें आणण्याचें काम वर्तमानपत्राचें आहे.

तें न झाल्यास काय होतें याचा दाखला इंग्लंडांत मिळतो. १९९५ सालच्या ऑक्टोबरांत औषधांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या तेथील समितीनें डॉक्टरांस कळविलें कीं, संततिनियमनाच्या कांहीं नव्या गोळ्यांनीं रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या मानानें दुप्पट होतो. वर्तमानपत्रांनीं व दूरचित्रवाणीनें हें 'दुप्पट' घरोघर पोंचविलें आणि असंख्य स्त्रियांनीं भीतीनें गोळ्या एकाएकीं सोडल्या. वस्तुतः जुनी गोळी घेणाऱ्या ७,००० स्त्रियांत सुमारें एकीस हा विकार होई, तो नव्या गोळीनें सुमारें दोघींस होई. म्हणजे भर पडली ती सात हजारांत एकीची. पुढील वर्षीं इंग्लंड व वेल्स मिळून सुमारें १३,००० गर्भपात अधिक झाले, असा अंदाज मागाहून करण्यांत आला. आणि गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षां गरोदरपणांतच अधिक असतो ! बातमी खोटी नव्हती. अंश छापला गेला, छेद गळाला, एवढेंच झालें. परंतु तेवढ्यानेंच अनर्थ झाला.

दुसरा दाखला न्यायमंदिरांतील आहे. सॅली क्लार्क नांवाच्या इंग्रज वकील बाईचीं दोन तान्हीं मुलें एकामागून एक दगावलीं आणि तिजवर खुनाचा आरोप आला. एका नामांकित बालरोगतज्ज्ञानें साक्षींत सांगितलें कीं, अशा कुटुंबांत दोन मुलें आपोआप दगावण्याचा संभव ७ कोटी ३० लाखांत एक आहे. हा आंकडा ८,५४३ स ८,५४३ नें गुणून काढलेला होता. परंतु एकाच आईबापांच्या पोटीं, एकाच घरांत जन्मलेल्या दोन मुलांचे मृत्यू फांशाच्या दोन दानांप्रमाणें परस्परांपासून स्वतंत्र मानतां येत नाहींत. शिवाय, पोटच्या दोन मुलांचा खून करणारी माताही अतिशय विरळाच. तेव्हां एक गोष्ट विरळ म्हणून दुसरी खरी, असें अनुमान निघत नाहीं. हा प्रचंड आंकडा वर्तमानपत्रांतून गाजला आणि १९९९ च्या नोव्हेंबरांत तिला जन्मठेप झाली. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनें २००१ सालीं या आंकड्यास शास्त्रीय आधार नाहीं असें जाहीर केलें. पुढें, दडून राहिलेला एक वैद्यकीय अहवाल उजेडांत आल्यावर, २००३ च्या जानेवारींत तिची सुटका झाली. परंतु त्या आघातांतून ती सांवरली नाहीं व २००७ सालीं मरण पावली. खटला चालू असतां एखाद्या संपादकानें गणिताच्या अध्यापकास बोलावून "हा गुणाकार बरोबर आहे काय ?" एवढें विचारावयास पाहिजे होतें.

मराठी पत्रकारितेस तर गणिताचा विटाळ मानण्याचें कांहींच कारण नाहीं. १८३२ सालीं 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टन संस्थेंत गणित शिकवीत. 'केसरी'चे टिळक गणिताचे अध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारापायीं विल्सन कॉलेजांतील नोकरी गमावून १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविणारे र. धों. कर्वे हेही गणिताचेच प्राध्यापक. ज्या वाङ्मयाचे आद्य धुरीण असे, त्याच्या वारसांनीं "आम्हांस आंकड्यांतलें कळत नाहीं" असें कौतुकानें सांगावें, हें शोभत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, छेदासकट आंकडे छापले तर लोक धोक्यास क्षुल्लक मानूं लागतील. हा आक्षेप निराधार आहे, कारण छेद दोन्ही बाजूंनीं कापतो. 'लाखांत एक' हा धोका ऐकावयास नगण्य वाटतो. परंतु २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें महाराष्ट्राची वस्ती ११ कोटी २४ लाख होती, आणि तेवढ्या लोकांत 'लाखांत एक' म्हणजे सुमारें अकराशें माणसें! एखादा कारखानदार वा सरकारी खातें 'लाखांत एक' म्हणून हात झटकूं लागेल, तर हे अकराशें जीव मोजून दाखविणें हेंही वर्तमानपत्राचेंच कर्तव्य आहे. योग्य हिशेबानें भीति जशी आवरतां येते, तशी बेफिकिरीही मोडतां येते.

आमच्या सूचना तीन आहेत. पहिली : धोका वाढला वा घटला असें छापतांना कितींपैकीं किती, पूर्वीं किती व आतां किती, हें त्याच बातमींत छापलेंच पाहिजे, आणि मोजणी कोणीं व कशी केली हेंही. दुसरी : प्रत्येक दैनिकाच्या कचेरींत संख्याशास्त्र जाणणारा एक तरी इसम असावा, आणि त्याच्या नजरेखालून गेल्यावांचून असा मजकूर छापूं नये. तिसरी विद्वानांस : पुणें विद्यापीठांत १९५३ पासून संख्याशास्त्राचा विभाग आहे, अशा संस्थांतील अध्यापकांनीं संभाव्यतेवर सामान्य व्यापारी व गृहिणी वाचूं शकेल असें मराठींत लिहावें, आणि संपादकांनीं त्यास पहिल्या पानाचा मान द्यावा.

राहिला वाचक. मतदार म्हणून, पंच म्हणून, आईबाप म्हणून निर्णय अखेर त्यालाच घ्यावे लागतात. ज्या पत्रांत छेद गाळलेला दिसेल त्याच्या संपादकास त्यानें दोन ओळींचें पत्र लिहावें आणि उत्तर मिळेपर्यंत लिहीत राहावें. दाम मोजून घेतलेल्या मालाचें वजन मागणें हा ग्राहकाचा हक्क आहे. बातमीचेंही वजन त्यानें मागूनच घेतलें पाहिजे.