नकारातून उभे राहिलेले महाविद्यालय : वॉशिंग्टनच्या ट्रिनिटीचा इतिहास आणि एक गैरसमज

१/ अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टन शहराच्या ईशान्य भागात, ट्रिनिटी ही लहानशी खासगी कॅथलिक शिक्षणसंस्था आहे. तिचा इतिहास बहुधा तीन टप्प्यांत सांगितला जातो : १८९७ मध्ये स्थापना, १९६०च्या दशकापर्यंत भरभराट आणि त्यानंतर उतरती कळा. यातील तिसरा टप्पा पुराव्यावर टिकत नाही. हा थ्रेड त्याविषयी.

२/ १८८९ साली वॉशिंग्टनमध्ये कॅथलिक विद्यापीठ सुरू झाले. त्याची दारे स्त्रियांना बंद होती. उच्च शिक्षण हवे असलेल्या कॅथलिक मुलींपुढे व्हासार, स्मिथ, वेलस्ली यांसारखी महाविद्यालये होती. पण ती प्रॉटेस्टंट वातावरणात वाढलेली, म्हणून अनेक धर्मगुरूंना ती नको होती. थोडक्यात, स्वतःच्या घरी प्रवेश नाही आणि दुसऱ्याच्या घरी जाण्यास परवानगी नाही, अशी ही कोंडी होती.

३/ ही कोंडी फोडली ती नोत्र दाम द नामूर या संघाच्या धर्मभगिनींनी. १८०४ मध्ये फ्रान्समधील आमियाँ येथे स्थापन झालेला हा संघ पुढे बेल्जियममधील नामूर येथे स्थिरावला आणि १८४० मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीला पोहोचला. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या सिस्टर ज्युलिया मॅकग्रोअर्टी आणि वॉशिंग्टनमधील सिस्टर मेरी युफ्रेजिया टेलर यांनी विद्यापीठाजवळच मुलींचे महाविद्यालय काढण्याचे ठरविले. बाल्टिमोरचे कार्डिनल गिबन्स यांनी त्यांना पाठिंबा दिला.

४/ १८९७च्या उन्हाळ्यात वादळ उठले. पुरुषांच्या विद्यापीठाशेजारी मुलींचे महाविद्यालय म्हणजे मागच्या दाराने आणलेले सहशिक्षण, असा आक्षेप सनातनी गटाने घेतला आणि तक्रार थेट रोमपर्यंत नेली. या वादाचे मूळ खोल होते. अमेरिकेतील कॅथलिक समाजाने तेथील लोकशाही, उदार जीवनाशी किती जुळवून घ्यावे, हाच त्या काळचा कळीचा प्रश्न होता. १८९९ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी ‘अमेरिकनवादा’विरुद्ध इशारा देणारे पत्र काढले, ते याच संघर्षातून.

५/ तरीही १९०० साली ट्रिनिटीचे वर्ग भरले. विद्यार्थिनी होत्या जेमतेम वीस-बावीस. ‘पहिले कॅथलिक महिला महाविद्यालय’ हा मान बाल्टिमोरचे नोत्र दाम महाविद्यालयही सांगते. तेथील पहिल्या पदव्या १८९९च्या. फरक इतकाच, की ते आधीच्या कन्याशाळेतून वाढले, तर ट्रिनिटीची उभारणी आरंभापासून महाविद्यालय म्हणूनच झाली.

६/ अशा संस्था मोठ्या निधीविना कशा तगल्या? उत्तर धर्मभगिनींच्या श्रमांत आहे. त्या शिकवीत, वसतिगृह सांभाळीत, कारभार पाहत आणि त्याचे बाजारभावाने वेतन घेत नसत. हिशेबाच्या वहीत हा निधी दिसत नाही. पण संस्थेचा सारा डोलारा त्यावरच उभा होता. इतिहास लिहिताना इमारतींचे देणगीदार नोंदले जातात, हे श्रम मात्र क्वचितच.

७/ १९६०च्या दशकात दोन आधार एकाच वेळी ढासळले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या (१९६२–६५) वर्षांत धर्मभगिनींची संख्या घटत गेली आणि त्यांच्या जागी वेतनावर प्राध्यापक नेमावे लागले. दुसरीकडे, पुरुषांची कॅथलिक महाविद्यालये मुलींना प्रवेश देऊ लागली. जॉर्जटाउनच्या मुख्य महाविद्यालयाने १९६९ मध्ये तो दिला. ट्रिनिटीची हजाराच्या आसपास असलेली विद्यार्थिनीसंख्या पुढील दोन दशकांत निम्म्याहून खाली आली. त्याच शहरातील डंबार्टन महाविद्यालय १९७३ मध्ये बंद पडले. शिकागोचे मंडलाइन १९९१ मध्ये लॉयोला विद्यापीठात विलीन झाले.

८/ ट्रिनिटी मात्र वाचली. नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी तिने १९८०च्या दशकात शनिवार-रविवारचे वर्ग चालविले. १९८९ मध्ये माजी विद्यार्थिनी पॅट्रिशिया मॅकग्वायर अध्यक्षपदी आल्या. वॉशिंग्टन हे तेव्हा कृष्णवर्णीय बहुसंख्येचे शहर होते आणि तेथील मुली महाविद्यालयाच्या अगदी दाराशी होत्या. संस्था त्यांच्याकडे वळली. आज बहुसंख्य विद्यार्थिनी कृष्णवर्णीय आणि लॅटिना आहेत. अनेकींच्या घरातील ही महाविद्यालयात जाणारी पहिलीच पिढी. २००४ पासून संस्था ‘ट्रिनिटी वॉशिंग्टन विद्यापीठ’ या नावाने ओळखली जाते.

९/ ‘आमची ट्रिनिटी उरली नाही’ ही जुन्या पिढीतील काहींची खंत समजण्याजोगी आहे. नॅन्सी पेलोसी (१९६२ची तुकडी) ज्या वातावरणात शिकल्या, ते खरोखरच गेले. शुल्क परवडत नसलेल्या विद्यार्थिनींवर चालणाऱ्या संस्थेचे अर्थकारण नाजूक राहते, हेही खरे. पण अडचण आणि अधोगती हे दोन वेगळे शब्द आहेत.

१०/ १८९७ मधील हेतू काय होता? ज्यांना इतरत्र दार बंद होते, त्यांच्यासाठी दार उघडणे. त्या काळी नाकारल्या गेलेल्या मुली कॅथलिक घरांतील होत्या. शतक सरता सरता नाकारल्या जाणाऱ्या मुली वेगळ्या होत्या. या कसोटीवर १९८९ नंतरची वर्षे ऱ्हासाची ठरत नाहीत. ती दुसऱ्या स्थापनेची ठरतात. पहिल्या स्थापनेइतकाच मान त्यांना मिळायला हवा.

११/ म्हणून कोणत्याही महाविद्यालयाचा इतिहास वाचताना इमारतींच्या कोनशिलांसोबत प्रवेशनोंदवहीही पाहावी. त्या त्या काळात दाराबाहेर कोण उभे होते आणि त्यांतील कोणाचे नाव त्या वहीत चढले, यावरून संस्थेची वाढ मोजता येते.