‘दुर्मिळ’ पतंगाची अर्धवट बातमी

पावसाळ्यात कोकण, गोवा किंवा घाटमाथ्यावरून एक बातमी हमखास येते: ‘जगातला सर्वांत मोठा, दुर्मिळ पतंग आढळला’. सोबत भिंतीवर बसलेल्या तांबूस-तपकिरी ॲटलस पतंगाचा फोटो. बघणाऱ्यांचा आनंद अगदी खरा. वीतभर रुंद पंख, प्रत्येक पंखावर पारदर्शक त्रिकोणी खिडकी आणि पुढच्या पंखांच्या टोकांना चक्क सापाच्या डोक्याचा आकार! असा जीव दिसल्यावर माणूस थबकणारच.

बातमी मात्र चुकते. पंखांच्या विस्तारात दक्षिण अमेरिकेतला ‘व्हाइट विच’ याच्याही पुढे आहे. शिवाय हिमालयापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेला ॲटाकस ॲटलस वेगळा आणि सह्याद्री, दक्षिण भारत व श्रीलंकेत राहणारा ॲटाकस टॅप्रोबॅनिस वेगळा. आपल्याकडे दिसतो तो हा दुसरा.

‘दुर्मिळ’ या शिक्क्यामागचे कारण त्याच्या आयुष्यात आहे. अळी कित्येक आठवडे दालचिनी, पेरू अशा झाडांची पाने खाऊन वाढते आणि रेशमी कोषात जाते. कोषातून बाहेर पडलेल्या पतंगाला खाण्याजोगे तोंडच नसते. अळीपणी साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडा-दोन आठवडे जगतो. तेवढ्यात नराला पिसासारख्या मिशांनी गंध टिपत मादी शोधायची असते. मग तो माणसांच्या नजरेस पडणार तरी किती?

म्हणूनच रात्रभर जळणारे दिवे त्याला महागात पडतात. दिव्याभोवती घिरट्या घालताना खर्च झालेली ताकद त्याला पुन्हा मिळवता येत नाही. पतंग दिसलाच तर बाहेरचा दिवा तासभर बंद ठेवावा. बरणीत भरून शाळेत दाखवायला नेणे तर थांबायलाच हवे. त्याच्या मोजक्या रात्रींतली एक त्यात वाया जाते.

महाराष्ट्राने 2015 मध्ये ब्ल्यू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला. भारतात पतंगांच्या जाती मात्र दहा हजारांहून अधिक असूनही त्यांच्या वाट्याला अशी आस्था फारशी येत नाही. ती वाढवायची तर बातमीदारांनी आणि निसर्गप्रेमींनी फोटोबरोबर तारीख, नेमके ठिकाण आणि आसपासची झाडे टिपावीत. कोष किंवा अळी सापडली, तर ती कोणत्या झाडावर होती हे आधी लिहावे. पतंग उडत दिव्यापाशी आलेला असू शकतो. अळी मात्र तिथेच वाढलेली असते. रस्तारुंदीत किंवा बागेच्या साफसफाईत कोणते झाड राखायचे, हे अशा नोंदीवरून ठरवता येईल.