जंगल विकले गेले नाही, पण कात्री थांबलेली नाही

गुरुवारी, १७ फेब्रुवारी २०११ रोजी, ब्रिटनच्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री कॅरोलिन स्पेलमन यांनी संसदेत उभे राहून माफी मागितली. इंग्लंडमधील सरकारी जंगले सरकारच्या हातातून काढण्याची योजना त्यांनी मागे घेतली. या योजनेवर लोकांची मते मागवायला २७ जानेवारीला सुरुवात झाली होती. तीन आठवड्यांत सगळेच गुंडाळावे लागले.

ही बातमी आपल्याकडे फारशी कुठे आली नाही. आली असती तरी 'तिकडच्या झाडांशी आपला काय संबंध' म्हणून सोडून दिली गेली असती. आम्हाला मात्र ती आपल्या तरुणांनी नीट वाचावी असे वाटते. सरकारची तिजोरी रिकामी झाली की सार्वजनिक मालमत्तेचे काय होते आणि ती कोण वाचवू शकते, याचा हा धडा आहे. त्याची दुसरी बाजू आपल्या गावच्या गायरानापर्यंत येते.

नेमके काय घडले?

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑसबर्न यांनी चार वर्षांत सुमारे ८,१०० कोटी पौंडांची खर्चकपात जाहीर केली. बँका बुडताना त्यांना सरकारने वाचवले, त्यानंतर तूट वाढली, आणि ती भरून काढायला कात्री सार्वजनिक सेवांवर चालली. पर्यावरण खात्याच्या वाट्याला सुमारे ३० टक्के कपात आली. या खात्याकडे विकण्यासारखे काय होते? जंगले. वनआयोगाच्या ताब्यात इंग्लंडमध्ये तेव्हा सुमारे २,५८,००० हेक्टर जमीन होती. देशातल्या एकूण वनक्षेत्राचा हा साधारण १८ टक्के भाग होता.

योजना अशी होती : इमारती लाकडाची मोठी जंगले १५० वर्षांच्या भाडेपट्ट्याने कंपन्यांना द्यायची, न्यू फॉरेस्ट आणि फॉरेस्ट ऑफ डीनसारखी ऐतिहासिक जंगले धर्मादाय संस्थांकडे सोपवायची, आणि उरलेली स्थानिक गटांना पैसे जमवून विकत घ्यायला सांगायची. म्हणजे जे लोकांचेच आहे ते लोकांनीच पुन्हा विकत घ्यायचे. याशिवाय चार वर्षांत १५ टक्के, सुमारे ४०,००० हेक्टर, विकून १० कोटी पौंड उभे करण्याचा बेत आधीच ठरला होता. तोही तेव्हा थांबवला गेला.

लोक का चिडले?

इंग्लंडच्या ग्रामीण माणसाची स्मृती इथे कामाला आली. १२१७ साली तिथे 'जंगलाची सनद' निघाली. राजाच्या जंगलात सामान्य माणसाला गुरे चारण्याचा, सरपण गोळा करण्याचा, डुकरांना ओकची फळे खायला सोडण्याचा हक्क तिने मान्य केला. पुढे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात मोठ्या जमीनदारांनी संसदेतून कायदे करून घेतले, गावोगावच्या सामाईक जमिनींना कुंपणे घातली आणि गरीब माणूस मजूर होऊन शहरात गेला. तरीही काही हक्क टिकले. न्यू फॉरेस्टमध्ये हक्कदारांची तट्टे आजही मोकळी चरतात. फॉरेस्ट ऑफ डीनमध्ये तिथे जन्मलेल्या आणि एक वर्ष एक दिवस खाणीत राबलेल्या माणसाला स्वतःची छोटी कोळसाखाण चालवण्याचा जुना हक्क आहे.

म्हणून पहिला मोठा आवाज तिथूनच उठला. ३ जानेवारीला फॉरेस्ट ऑफ डीनमध्ये सुमारे तीन हजार लोक थंडीत एकत्र जमले. मग इंटरनेटवरच्या निवेदनावर पाच लाखांहून अधिक सह्या झाल्या. कँटरबरीच्या आर्चबिशपपासून अभिनेत्री जूडी डेंचपर्यंत अनेक नामवंतांनी जाहीर पत्र लिहिले. विरोधी पक्षाचा ठराव २ फेब्रुवारीला सरकारने बहुमताच्या जोरावर फेटाळला. सभागृहात जिंकलेले सरकार पंधरा दिवसांत सभागृहाबाहेर हरले.

विजयाचे दोन डाग

इथे थांबून टाळ्या वाजवणे सोपे आहे. पण कार्यकर्त्याने दोन गोष्टी पाहिल्याच पाहिजेत.

पहिली : हेच सरकार त्याच्या दोन महिने आधी विद्यार्थ्यांपुढे झुकले नव्हते. विद्यापीठांच्या शुल्काची मर्यादा सुमारे ३,३०० पौंडांवरून ९,००० पौंडांवर नेण्याचा प्रस्ताव ९ डिसेंबर २०१० रोजी मंजूर झाला. हजारो मुले लंडनच्या रस्त्यावर होती, पोलिसांनी त्यांना तासन्‌तास घेरून ठेवले, तरी निर्णय बदलला नाही. जंगलाच्या बाबतीत मात्र सत्ताधारी पक्षाचा स्वतःचा ग्रामीण, सुस्थित मतदार चिडला होता आणि वाचणारी रक्कमही किरकोळ होती. म्हणून माघार घेणे परवडले. आंदोलनाची संख्या मोजली जाते, पण आंदोलनात कोण आहे हेही मोजले जाते. हा अनुभव आपल्याला नवा नाही.

दुसरी : विक्री थांबली, कपात थांबली नाही. वनआयोगाच्या खर्चाला सुमारे एक चतुर्थांश कात्री लागणार हे कायम राहिले. जंगल सरकारी राहणार होते, पण वाटा दुरुस्त करणारे, रोग पडलेली झाडे ओळखणारे, शाळेच्या मुलांना जंगल दाखवणारे हात कमी होणार होते. चार-पाच वर्षांनी कोणीतरी म्हणेल, 'बघा, सरकारला नीट सांभाळता येत नाही, मग खासगीला द्या.' सार्वजनिक गोष्ट विकण्याचा हा सगळ्यात शांत मार्ग आहे. आधी तिला उपाशी ठेवायचे आणि मग ती अशक्त आहे म्हणून हाकलायचे.

विक्रीची जाहिरात निघते तेव्हा लोक जागे होतात. अंदाजपत्रकातला आकडा कमी होतो तेव्हा कोणाला कळतही नाही. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी अनुसूचित जातींच्या विशेष घटक योजनेतले शेकडो कोटी रुपये वळवले गेले. ऑगस्ट २०१० मध्ये तेव्हाचे गृहमंत्री चिदंबरम यांना ते राज्यसभेत मान्य करावे लागले. कोणतेही वसतिगृह विकले गेले नाही, कोणतीही शिष्यवृत्ती रद्द झाली नाही. फक्त पैसे दुसरीकडे गेले.

एका दिवसाच्या अंतराने दिल्लीत

लंडनमध्ये जंगलांवर मते मागवली गेली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २८ जानेवारीला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवर मोठा निकाल दिला. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य. पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावतळ्यावर काहींनी भराव टाकून घरे बांधली होती. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांनी ते अतिक्रमण हटवायला सांगितलेच, शिवाय गावच्या जमिनींवरील बेकायदा अतिक्रमणे काढण्याच्या योजना आखा, असा आदेश सर्व राज्यांना दिला.

निकालाचा हेतू चांगला आहे. तळी, चराऊ राने, स्मशाने धनदांडग्यांनी गिळली आहेत, हे खोटे नाही. पण मराठवाड्यात आणि विदर्भात गायरान कसणारा माणूस बहुतेक वेळा धनदांडगा नसतो. तो बौद्ध, मातंग, पारधी, भटका असतो. इंग्लंडमध्ये सामाईक जमिनीवर वावरणाऱ्याला हक्कदार म्हणतात. आपल्याकडे त्याच माणसाला अतिक्रमक म्हणतात. फरक एवढाच की त्याच्या हक्काची सनद कोणी लिहून ठेवली नाही.

अगदीच लिहिली नाही असेही नाही. बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी आणि ती जात-धर्म न पाहता कसायला द्यावी, अशी मांडणी केली. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या सत्याग्रहांत पड जमीन भूमिहीनांना द्या, ही प्रमुख मागणी होती आणि त्यासाठी आपली आजी-आजोबांची पिढी तुरुंगात गेली. त्या लढ्याच्या वाटेवरच महाराष्ट्र शासनाचा २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय आला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याची तरतूद त्यात होती.

आणि सर्वोच्च न्यायालयाच्या या निकालातही एक अपवाद आहे. शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जमीन दिली असेल, तर तिथे नियमितीकरणाचा विचार होऊ शकतो. उद्या तहसीलदाराची नोटीस आली तर हे वाक्य आपल्या हातात असले पाहिजे.

आता काम

म्हणून आमचे तरुणांना सांगणे आहे. येत्या १४ एप्रिलची मिरवणूक जोरात निघू द्या, पण त्याआधी आपल्या गावातले गायरान कोण कसतो याची यादी करा. तलाठ्याकडे गाव नमुना १-ई मध्ये अतिक्रमणाची नोंद आहे का ते पाहा. जुन्या दंडाच्या पावत्या, पंचनामे, पीकपाहणीची नोंद, जे सापडेल त्याच्या प्रती काढून ठेवा. पत्र्याच्या पेटीत तळाशी पडलेली दहा रुपयांच्या दंडाची पावती आज एखाद्या घराची सनद ठरू शकते. माहिती मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. आणि जिल्ह्याचे अंदाजपत्रक आले की अनुसूचित जातींसाठीच्या तरतुदीचा आकडा मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवून वाचा.

इंग्लंडच्या लोकांनी जंगल वाचवले, कारण आपला हक्क काय आहे हे त्यांना तोंडपाठ होते. आपल्याला तो अजून कागदावर शोधून काढायचा आहे. नोटीस यायच्या आधी.