ठोके दीडशे, चाल निम्मी

या आठवड्यात एका संगीत ॲपने डेव्ह रॉजर्सच्या एका गाण्याला ‘मिनिटाला ७७ ठोके’ असं प्रमाणपत्र दिलं आणि त्याची रवानगी ‘निवांत फेरफटका’ नावाच्या यादीत केली. एका वाचकाने त्याचा फोटो पाठवला आहे, खाली हसून लोळणारे पिवळे चेहरे. डेव्ह रॉजर्स म्हणजे युरोबीट या नाचगाण्यांच्या प्रकारातला गायक, इटलीतल्या मांटुआचा जियानकार्लो पास्क्विनी. ‘इनिशियल डी’ या जपानी मालिकेतली पोरं रात्री डोंगरातल्या वळणांवर टोयोटा घसरवतात तेव्हा मागे ज्यांचा गळा वाजतो, त्यांतला हा एक. तो आणि फेरफटका! खरा आकडा १५४ आहे, यंत्राने बरोबर निम्मा मोजला. निम्मं किंवा दुप्पट मोजणं ही या यंत्रांची जुनी खोड आहे.

आता मी नेहमीप्रमाणे आकडेमोड्यांवर तुटून पडेन, अशी त्या वाचकाची अपेक्षा दिसते. तुटून पडायचं आहेच, पण दुसऱ्या बाजूने. ‘युरोबीट म्हणजे सुसाट’ असं मला ऐकवणाऱ्या तमाम चाहत्यांपेक्षा या बथ्थड यंत्राला ते गाणं जास्त कळलं आहे.

पुरावा म्हणून रिक ॲस्टलीला बोलावतो. ‘नेव्हर गॉना गिव्ह यू अप’, १९८७, स्टॉक-एटकन-वॉटरमन या निर्मात्यांच्या कारखान्यातला माल. इंटरनेटवर लोकांना फसवायला हेच गाणं वापरतात, म्हणून आज ते थट्टेचा विषय झालंय. पण त्या काळी जपानी डिस्कोत हे, कायली मिनोग आणि ‘डेड ऑर अलाइव्ह’ हाच युरोबीट होता. याचा वेग ११३. रॉजर्सच्या गाण्याचा १५४. म्हणजे एकाच नावाखाली ४१ ठोक्यांचा फरक. कागदावर पाहिलं तर इटालियन माणूस धावतोय आणि इंग्रज पोरगा हात खिशात घालून चाललाय.

आता ड्रम विसरा आणि तोंडाकडे लक्ष द्या. ॲस्टलीच्या ध्रुवपदात सुरुवातीची अक्षरं एका ठोक्याच्या पाव-पाव हिश्शात बसवली आहेत. ११३च्या वेगाला पाव ठोका म्हणजे सेकंदाचे १३ शतांश. तेवढ्यात एक अक्षर म्हणून पुढचं पकडायचं, वर आवाज असा ठेवायचा की जणू काही घाईच नाही. इटालियन युरोबीटमध्ये गायकाला असली कसरत सहसा पडत नाही. तिथे अक्षर साधारण अर्ध्या ठोक्याचं असतं आणि ध्रुवपद आलं की एकेक स्वर दोन-दोन, चार-चार ठोके ताणला जातो. १५४च्या वेगाला अर्धा ठोका म्हणजे जवळजवळ २० शतांश. हिशेब उघड आहे: ‘संथ’ गाण्यातला गायक ‘सुसाट’ गाण्यातल्या गायकापेक्षा भराभर अक्षरं टाकतोय. अंतऱ्यात इटालियन मंडळीही कधीकधी धांदल करतात, हे मान्य. पण ध्रुवपदात गायक ठाय लयीत आणि ड्रम मशीन दुगुनीत, अशीच विभागणी असते. ७७ हा आकडा गायकाचा आहे. यंत्राने ड्रमला न विचारता गायकाला विचारलं, एवढाच त्याचा गुन्हा.

मग ड्रम इतका पळतो कशाला? याचं सर्रास दिलं जाणारं उत्तर म्हणजे मोटारी. हे उत्तर तारखांपुढे टिकत नाही. ‘इनिशियल डी’ची ॲनिमे मालिका १९९८ची. ‘सुपर युरोबीट’ ही एव्हेक्स कंपनीची मालिका १९९०पासून निघत होती आणि गाड्या घसरायला लागण्याच्या कितीतरी आधीच तिच्यातली गाणी दीडशेच्या पुढे गेली होती. ब्रेशियातल्या ‘टाइम’ किंवा पास्क्विनीच्या ‘ए-बीट-सी’ या रेकॉर्ड कंपन्यांनी जी गाणी बनवली ती ना इटलीत कोणी ऐकत होतं, ना इंग्लंडात. गिऱ्हाईक एकच, टोकियो. आणि टोकियोत ती गाडीत बसून ऐकण्याआधी फ्लोअरवर हात हलवत ऐकली जात होती.

हात म्हटलं ते मुद्दाम. पारापारा हा नाच बघितला नसेल तर शोधून बघा. पाय जवळजवळ जागच्या जागी, डावी-उजवीकडे एवढंच. सगळा नाच खांद्यापासून बोटांपर्यंत. प्रत्येक गाण्याच्या हालचाली ठरलेल्या, त्या शिकवणाऱ्या व्हिडिओ कॅसेट विकल्या जायच्या आणि टोकियोच्या रोप्पोंगी भागातल्या ‘वेल्फारे’ डिस्कोत शेकडो माणसं एकाच वेळी एकच हात वर करायची. ११३ला माणूस कमरेतून डोलतो, पायांना काय करायचं ते आपसूक सुचतं. १५४ला पाय तसेच नाचवले तर तिसऱ्या मिनिटाला खुर्ची शोधावी लागेल. म्हणून पायांनी नुसता ठोका धरायचा आणि हातांनी गायकाच्या लांब ओळीवर आकृत्या काढायच्या. नाचणाऱ्याच्या अंगातही तीच विभागणी: खाली १५४, वर ७७. माझ्या मते या नाचाचं हे रूप त्या वेगातूनच घडलं. संशोधकांनी हवं तर उलटं सिद्ध करावं, मी वाचेन.

जुन्या, सावकाश युरोबीटचं पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. ओगिनोमे योको हिने १९८५ साली अँजी गोल्डच्या ‘ईट यू अप’चं जपानी रूप ‘डान्सिंग हीरो’ म्हणून गायलं. वेग दीडशेच्या बराच खाली. आज नागोयाच्या परिसरात उन्हाळ्यातल्या बोन ओदोरीला, म्हणजे पितरांच्या सणातल्या फेर धरून करायच्या नाचाला, हे गाणं वाजतं आणि आज्यासुद्धा त्यावर गोल फिरतात. रॉजर्सवर आज्यांना फिरवून दाखवा.

डीजे मंडळींना यातलं सगळं न सांगता ठाऊक असायचं, कारण त्यांचे हात बांधलेले होते. टेक्निक्सच्या एसएल-१२०० या टर्नटेबलवर वेग तेव्हा फार तर आठ टक्के वरखाली करता यायचा. ॲस्टलीला कितीही रेटा, १२२ला दम संपतो. रॉजर्सला कितीही आवरा, १४२च्या खाली येत नाही. मधे वीस ठोक्यांची दरी. म्हणजे एकाच नावाची ही दोन गाणी एकमेकांत मिसळताच येत नव्हती, आणि ओढूनताणून वेग बदलला की गायकाचा सूरही चढायचा किंवा उतरायचा. ते यंत्र प्रामाणिक होतं.

आता संगणकाने ती अडचण संपवली आणि माझं आवडतं रडगाणं सुरू करायची वेळ आली. नियमित वाचकांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल. कोणतंही गाणं उचलायचं, पंचवीस टक्के पळवायचं, ‘स्पेड-अप’ म्हणून रीलवर टाकायचं आणि अंगात आल्यासारखं करायचं. ११३चं गाणं पळवून १४१ केलं की ते युरोबीट होत नाही, ते नुसतं घाईत असतं. कारण त्यात ड्रमबरोबर गायकही पळतो. इटालियनांनी ड्रम पळवला आणि गायकाला जागेवर उभं ठेवलं. सगळी कारागिरी तिथे आहे. आमच्या मिरवणुकांतल्या डीजेंना हे कळेल, अशी आशा मी सोडली आहे. तिथे गायक ऐकूच येत नसतो.

तेव्हा फोटो पाठवणाऱ्या वाचकाला आणि याद्या करणाऱ्या इतर सगळ्यांना एवढंच सांगणं: युरोबीटची यादी करायचीच असेल तर आकड्यावर करू नका. ऐंशीच्या दशकातली इंग्रजी गाणी एका बाजूला ठेवा, १९९०नंतरची इटालियन दुसऱ्या बाजूला. पहिल्या यादीवर पाय हलवा, दुसरीवर हात.