घंटा कोणाच्या हाती?

परवा आमच्या शाळेचा शिपाई निवृत्त झाला. हारतुरे झाले, श्रीफळ दिले, आणि समारंभ संपताच त्याने घंटेची लाकडी मोगरी आमच्यापुढे धरून विचारले, "सर, ही आता कोणाला देऊ?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्याच्याबरोबर त्याचे पदही निवृत्त झाले होते. दुसऱ्या दिवसापासून घंटा आम्हीच वाजवतो.

माणसाला न काढता पद काढून टाकण्याची ही रीत आमच्या मध्य प्रदेशात जुनीच आहे. १९९०च्या दशकात सरकारने नियमित शिक्षकांचा संवर्ग 'मृत' ठरवला. होते ते निवृत्तीपर्यंत राहिले. त्यांच्या जागी पंचायतींचे, नगरपालिकांचे शिक्षाकर्मी अल्प वेतनावर आले. १९९७ साली शिक्षण हमी योजना निघाली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसलेल्या वस्तीने ४० मुलांसाठी मागणी केली की ९० दिवसांत शाळा मिळे. आदिवासी भागात २५ मुले पुरत. तेथील गुरुजींना आरंभी महिना ५०० रुपये मिळत. या योजनेने कित्येक पाड्यांवर पहिला फळा पोचवला, हे न्यायाने मान्य केलेच पाहिजे. परंतु एकाच पेशात नियमित, शिक्षाकर्मी, संविदा शिक्षक, गुरुजी अशी उतरंडही रचली गेली.

आम्ही १९९८चे शिक्षाकर्मी. शेजारच्या वर्गात तोच धडा शिकवणाऱ्या ज्येष्ठ गुरुजींचा पगार आमच्या कितीतरी पट होता. पगाराच्या दिवशी ते संकोचाने आमची नजर टाळीत. २००७ साली आम्ही 'अध्यापक' झालो, २०१८ साली राज्याच्या शाळा शिक्षण सेवेत आलो, आणि आमच्या सेवेची मोजणी पुन्हा एकापासून सुरू झाली. "मग बाबा, आधीची वीस वर्षे कुठे गेली?" असे मुलीने विचारले, तेव्हा आम्ही विषय बदलला.

सरकारने काटकसर करू नये, असे आम्ही म्हणत नाही. तिजोरीलाही तळ असतो. पण कागदावर पद मेले म्हणून काम मरत नाही. ते शेजाऱ्याच्या खांद्यावर जाते, नाहीतर मुलांच्या वाट्यातून वजा होते. पद कमी करणाऱ्याने त्याच आदेशाखाली एक ओळ लिहावी, की उद्यापासून हे काम कोण करील. एवढीच आमची विनंती आहे.

मोगरी सध्या आमच्या टेबलाच्या खणात आहे. आमच्याही निवृत्तीचा दिवस येईल. त्या दिवशी ती घ्यायला कोणाचा तरी हात पुढे यावा.