मुलांच्या हाती सूक्ष्मदर्शक द्या

"हात धू, जंतू असतात," असं आपण मुलांना दिवसातून चारदा सांगतो. पण ते कुठे असतात, कसे दिसतात, हे मुलांनी कधी पाहिलेलंच नसतं. मोठ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणं एवढंच त्यांच्या हाती असतं. विज्ञानाची सवय याच्या उलट आहे: आधी पाहा, मग माना.

अनेक शाळांत सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद असतो आणि मुलांना तो दिसतो थेट माध्यमिक वर्गांत. "हे काय? असं का?" विचारायचं वय मात्र सात-आठ वर्षांचं. तोवर थांबायची गरज नाही.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा आंटोनी फान लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी. विद्यापीठाचं तोंडही न पाहिलेला. त्याने स्वतः भिंगं घडवली आणि १६७०च्या दशकात पाण्याच्या थेंबात वळवळणारे जीव पाहिले. लंडनच्या रॉयल सोसायटीतल्या विद्वानांना ते पटेना. शेवटी १६७७ मध्ये रॉबर्ट हूकने स्वतः पाहून खात्री केली. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. "खरं कशावरून?" हा प्रश्न उद्धटपणाचा नसतो, हे त्यांना त्यातून कळेल.

आता साधनही आवाक्यात आलं आहे. मेरठमध्ये जन्मलेले, आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले आणि आता अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणारे मनु प्रकाश यांनी सहकाऱ्यांसह 'फोल्डस्कोप' तयार केला. २०१४ मध्ये तो जगाला माहीत झाला. हा घड्या घालून जोडायचा कागदी सूक्ष्मदर्शक वस्तू सुमारे १४० पट मोठी दाखवतो आणि फोनच्या कॅमेऱ्यालाही लावता येतो. शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक मिळाला तरी उत्तमच.

सुरुवात स्वयंपाकघरातून करा.

मीठ आणि साखर: मिठाचे दाणे चौकोनी ठोकळ्यांसारखे दिसतात. साखरेचे तसेच दिसतात का? मुलांनाच पाहू द्या.

कांदा: आतल्या पाकळीचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा. विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसतील.

बटाटा: चिरलेला भाग काचेवर हलकेच घासा, वर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. पिष्टाचे कण निळे-काळे होतात. आयोडीन मोठ्यांनीच हाताळावं.

जास्वंद: तिचे परागकण काटेरी चेंडूंसारखे दिसतात.

फुलदाणीतलं चार-पाच दिवसांचं पाणी: यात बहुधा पळणारे जीव सापडतात. ते हातावरचे जंतू नव्हेत. जंतू याहूनही कितीतरी लहान असतात. पण 'डोळ्यांना दिसत नाही म्हणजे नाहीच' असं नसतं, हे इथे पटतं. पाहून झालं की मुलं हात धुवायला बहुधा आपणहून जातील.

एक गंमत लक्षात ठेवा. जाड काळ्या कडेचा गोल दिसला की मुलं "प्राणी सापडला!" म्हणून ओरडतात. तो असतो हवेचा बुडबुडा. लगेच सांगू नका. "हलतोय का? दुसऱ्या थेंबातही आहे का?" एवढंच विचारा. तपासून पाहणं हेच तर शिकायचं आहे.

दोन पथ्यं पाळा. सूक्ष्मदर्शक कधीही सूर्याकडे रोखू नका. आणि नाव सांगण्याआधी मुलांना वहीत चित्र काढू द्या. चित्र काढायचं तर नीट पाहावं लागतं. नाव आधी कळलं की पाहणं थांबतं.

या रविवारी एक कांदा बाजूला ठेवा. आणि मुलांचं पाहून झालं की तुम्हीही डोळा लावा.